सकाळचं आणि रात्रीचं वजन दीड-दोन किलोनं वेगळं येतं. काटा खराब आहे की माझं वजन खरंच वाढतंय?

काटा बहुधा ठीक आहे, आणि तुम्ही ज्या अर्थानं घाबरलाय त्या अर्थानं वजनही वाढलेलं नाही. शनिवारी सकाळी ७१.४, त्याच रात्री ७३.१ आणि सोमवारी सकाळी ७२.३ असे आकडे तुम्ही दिलेत. मधल्या रविवारी घरी मटण होतं हेही तुम्हीच लिहिलंय. मग कोडं राहिलं कुठं?

माझं कोल्हापुरात काटेदुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांच्या वेळी तागड्या आणि दांडीकाटे यायचे, आता लोडसेलचे, म्हणजे वजनाचा दाब विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या पट्टीचे, इलेक्ट्रॉनिक काटे येतात. मार्केट यार्डातल्या गूळवाल्यांचे, सराफांचे, दवाखान्यांचे, जिमचे. स्वतःचं वजन पटलं नाही की माणूस पहिला संशय काट्यावर घेतो, आणि काट्यावर म्हणजे शेवटी माझ्यावर. त्यामुळं उत्तर जरा लांबेल.

आमच्या भागातल्या एका जिमवाल्यानं माझ्याकडून दीडशे किलोचा प्लॅटफॉर्म काटा हप्त्यानं नेला होता. पन्नास ग्रॅमचा फरक दाखवणारा, चांगला माल. त्यानं स्कीम काढली: महिन्यात चार किलो कमी, नाहीतर फी परत. स्कीम जोरात चालली. कशी चालली ते मला नंतर कळलं. नाव नोंदवायला लोक संध्याकाळी यायचे, तेव्हाच पहिलं वजन. दिवसभराचं खाणं पोटात, अंगावर जीन्स, पायात बूट. शेवटचं वजन मात्र सकाळी सहाला, उपाशीपोटी, हाफ पँटवर. आदल्या रात्री भात नको, लोणचं-पापड नको, पाणीही बेतानं. दीड-दोन किलो तर इथंच सुटले, व्यायाम न करता.

मग एका बॅचचा शेवटचा सोमवार नेमका आखाडाच्या शेवटच्या रविवारनंतर आला. श्रावण लागायच्या आधीचा रविवार कोल्हापुरात कसा जातो ते सांगायला नको. तांबडा, पांढरा, सुकं आणि वर भात. सोमवारी सकाळी निम्म्या लोकांचं वजन उतरायचं सोडून चढलेलं. लोकांनी फी परत मागितली. हा पठ्ठ्या काटा टेम्पोत घालून, आठ-दहा मेंबर मागं घेऊन दुकानात हजर. यार्डातली दोन गिऱ्हाइकं बसलेली, त्यांच्यासमोर ओरडला, "मिस्त्री, काटा खोटा दिलासा!"

मी काही बोललो नाही. वीस किलोची शिक्क्याची वजनं काढली, आधी मधे ठेवली, मग एकेका कोपऱ्यावर. प्लॅटफॉर्मचा काटा बिघडला तर कोपऱ्यात आधी सापडतो. पाचही ठिकाणी २०.००. मग त्यालाच वर उभा केला आणि लिटरची भरलेली पाण्याची बाटली हातात दिली. आकडा आला ९२.३५. म्हटलं, आता खाली न उतरता हे पाणी प्या. गटागटा पिताना आकडा थरथरत होता. बाटली रिकामी झाली, ती हातातच धरून तो स्थिर उभा राहिला आणि आकडा परत ९२.३५. बाटलीतलं पाणी पोटात गेलं, काट्याला त्याचं काहीच नाही. मेंबर हसायला लागले.

तर तो म्हणतो, "हे पाणी आहे हो, हे वजनात धरायचं नसतं."

मी म्हटलं, मग तुमच्या पोस्टरवरचे 'पहिल्या आठवड्यात दोन किलो' कसले होते? ते कसे धरले? ह्याला उत्तर नाही. काटा उचलून गेला. शेवटचा हप्ता अजून येणे आहे.

आता ह्यामागचं गणित. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. शनिवारी सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्ही १.७ किलो चढलात. ती चरबी असायची तर रोजच्या जेवणावर तेरा हजार कॅलरी जादा खायला हव्या होत्या. भाकरीत मोजलं तर सत्तरच्या पुढं. खाल्ल्या होत्या का? नाही ना? मग ते पोटातलं अन्न आणि पाणी आहे.

सोमवारचा जवळपास एक किलो थोडा वेगळा. तो रविवारच्या रश्श्यातल्या मिठाचा आणि भाताचा. शरीर रक्तातला खारटपणा बदलू देत नाही. नऊ ग्रॅम जादा मीठ अंगात राहिलं तर त्याच्यासोबत लिटरभर पाणी धरून ठेवतं. मूत्रपिंडं ते हळूहळू बाहेर टाकतात, त्याला एक-दोन दिवस जातात. भात-भाकरीतली साखर स्नायूंत आणि यकृतात साठते. हा साठा सगळा मिळून अर्ध्या किलोच्या आसपास, पण त्यातल्या दर ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. डाएट सुरू केलं की पहिल्या आठवड्यात हाच साठा रिकामा होतो, आणि लोक स्टेटसला आकडे टाकतात. पावसाळ्यात गुळाचा रवा, म्हणजे ढेप, ओल धरतो आणि काट्यावर जड भरतो. म्हणून आमचा व्यापारी गूळ वाढला असं म्हणत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. एका डायलिसिस सेंटरच्या काट्याची देखभाल माझ्याकडं आहे, तिथं तपासणीला जातो. तिथं प्रत्येक पेशंटचं वजन आधी आणि नंतर करतात. मूत्रपिंडं चालत नाहीत, त्यामुळं प्यालेलं पाणी अंगातच राहतं. दोन डायलिसिसच्या मधे दोन-अडीच किलो चढलेला माणूस येतो, चार तास मशीनवर असतो आणि तेवढाच उतरून घरी जातो. जादा पाणी काढल्यावर जे वजन उरायला हवं त्याला ते लोक 'ड्राय वेट' म्हणतात, आणि मशीननं किती पाणी ओढायचं ते त्यावरून ठरवतात. म्हणून तिथला काटा सराफाच्या काट्याइतक्याच काळजीनं तपासावा लागतो. दोन किलो पाणी नुसत्या डोळ्याला दिसत नाही. चपला काढून काट्यावर चढलेल्या माणसाच्या पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो, तेव्हा दिसतं.

आणि पॅरिस ऑलिंपिक, २०२४. विनेश फोगाट ५० किलो गटात फायनलला गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली म्हणून बाद झाली. आदल्या सकाळी वजनात बसली होती. दिवसभरात कुस्त्या, मधलं खाणंपिणं, आणि संध्याकाळी अडीच किलोंहून जास्त वाढ. रात्रभर घाम काढून, केस कापूनसुद्धा शेवटचे शंभर ग्रॅम निघाले नाहीत. त्या आठवड्यात तालमीतली पोरं दुकानात येऊन काट्यावर चढून बघायची, शंभर ग्रॅम म्हणजे किती. मोबाईल खिशातून काढून बाजूला ठेवला की त्याहून जास्त फरक पडतो, हे बघून गप्प व्हायची.

उलटंही होतं. रात्री झोपताना आणि सकाळी उठून लगेच, बाथरूमला न जाता वजन करा. तरी कमीच भरेल. श्वासातून आणि कातडीतून रात्रभर वाफ जाते, अर्ध्या किलोच्या आसपास सुद्धा जाऊ शकते. इटलीत सांतोरिओ नावाचा डॉक्टर काट्याला टांगलेल्या खुर्चीत बसून जेवायचा, खाल्लेलं आणि बाहेर पडलेलं दोन्ही तोलायचा. वर्षानुवर्षं हा उद्योग करून १६१४ साली त्यानं छापलं की आठ पौंड खाल्लंप्यालं तर पाच पौंड असे न दिसताच जातात. माझ्या मते आमच्या धंद्यातला सगळ्यात चिवट गिऱ्हाईक तोच.

तुमचा दुसरा प्रश्न होता, वजन कधी करावं. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच कपड्यांत. दिवसातून एकदा बास. सात दिवसांची सरासरी काढा आणि ती गेल्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा, एकट्या दिवसाच्या आकड्यावर काही ठरवू नका. काचेचा घरगुती काटा असेल तर सपाट फरशीवर ठेवा. सतरंजीवर नको, दोन फरशांच्या सांध्यावर नको. आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. बऱ्याच स्वस्त काट्यांत आधीचा आकडा लक्षात राहतो. दुसऱ्यांदा चढलात आणि फरक थोडाच असला तर तोच आकडा परत दाखवतात, म्हणजे गिऱ्हाईक खूश, काटा किती पक्का! मधे बादलीभर पाणी तोलून घ्या आणि मग परत चढा. त्याच काट्यावर चरबीचे टक्के येतात ते मात्र सोडून द्या. तळपायातून करंट सोडून काढलेला अंदाज आहे तो, पाणी कमी-जास्त प्यालात की तोही हलतो.

बायकांचं पाळीच्या आधी किलो-दीड किलो चढणं नेहमीचं आहे. नवीन व्यायामानं अंग दुखत असेल तेव्हाही चढतं, स्नायू पाणी धरतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

एक राहिलंच. वरचं सगळं धडधाकट माणसासाठी. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले, आडवं झालं की दम लागतो, तर मीठ-भात म्हणून बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि काही न करता वजन महिनोनमहिने उतरतच असेल तर खूश होऊ नका, शुगर आणि थायरॉईड तपासा.

बाकी पैसे परतवाल्या स्कीममध्ये जायचा विचार असेल, म्हणजे तुमच्या शेवटच्या ओळीवरून तसं वाटलं, तर आधी विचारा पहिलं वजन कधी घेणार. पहिलं सकाळी, शेवटचंही सकाळी, त्याच काट्यावर, तेच कपडे, आणि शेवटच्या वजनाआधी पाणी-मीठ तोडायला सांगणार नाही, हे पावतीवर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर पैसे भरू नका.