रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावलं की कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो. नवा घ्यावा का?

लगेच घेऊ नका. एरवी नीट चालतो आणि रेंडरलाच बंद पडतो, म्हणजे पहिला संशय उष्णतेवर घ्या. सोलापुरात मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो, त्यात पत्र्याची खोली असेल तर विचारूच नका.

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. माझाही असाच बंद पडायचा. शेजारीच यंत्रमाग आहेत. कॅबिनेट उघडून प्रोसेसरचा पंखा काढला, तर खालच्या हीटसिंकवर (प्रोसेसरची उष्णता खेचणारा धातूचा भाग) सुताच्या तंतूंचा करडा थर, अगदी बोटाने सोलून निघाला! ब्लोअरने साफ केलं (पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका), प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता पोचवणारी थर्मल पेस्ट वाळली होती, ती पुसून नवी लावली. आधी एचडब्ल्यूमॉनिटर या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तापमान १०० अंशांजवळ दिसायचं, ते ८० च्या आत आलं. तरीही बंद पडला तर पॉवर सप्लाय दुसऱ्याचा लावून बघा.

मग पैसे घालायचेच तर आधी एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी वापरायची वेगवान डिस्क. साधी हार्ड डिस्क सेकंदाला १००-१५० एमबी वाचते, साटा एसएसडी (साध्या हार्ड डिस्कच्याच केबलवर चालणारी) ५०० च्या आसपास. रॅम ८ जीबी असेल तर १६ करा. ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी. फोर-के फुटेज अडकत असेल तर प्रॉक्सी (फुटेजची हलकी, कमी रिझोल्यूशनची प्रत) बनवून एडिट करा, त्याला एक रुपयाही लागत नाही.

आणि काही उघडण्याआधी क्लायंटचं फुटेज दुसऱ्या डिस्कवर घ्याच. लग्न परत शूट करता येत नाही.