गाडी झाकू नकोस, वेळ बदल

तू लिहिलंयस ते थोडक्यात असं. दसऱ्याला सेकंडहँड ३५० सीसीची मोटरसायकल घेतलीस, २०१७ चं मॉडेल. आजवर हजारेक किलोमीटर झालेत. रोज सातारा ते कोरेगाव, सकाळी सातला निघायचं, आठला कामावर हजर. गेल्या आठवड्यात माहुलीच्या पुलाजवळ धुक्यात उसाची ट्रॉली अगदी जवळ गेल्यावर दिसली, घाबरून ब्रेक दाबलास, मागचं चाक सरकलं आणि पडता पडता वाचलास. आता आई म्हणते, साखर कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत गाडी काढायची नाही. परदेशातले व्हिडिओ बघून तुलाही वाटायला लागलंय की होळीपर्यंत गाडी झाकून ठेवावी. त्यासाठी बॅटरीचा चार्जर, पेट्रोल खराब होऊ नये म्हणून त्यात टाकायचं औषध आणि कव्हर अशी खरेदीची यादीही तयार आहे.

तू तेवीसचा, माझी गाडी चालवायची वर्षंच त्याहून जास्त, म्हणून अरे-तुरे करतोय. राग नसावा.

आधी त्या व्हिडिओंचं बघू. ती मंडळी जिथली आहेत तिथे रस्त्यावर बर्फ पडतो, बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीचं लोखंड खातं. जर्मनीत तर नंबरप्लेटच हंगामी मिळते. कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, ते आकडे प्लेटवरच छापलेले असतात. त्या महिन्यांच्या बाहेर गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, उभीसुद्धा करता येत नाही. गाडी चार-पाच महिने जागची हलणार नाही म्हटल्यावर चार्जर लागतो, औषध लागतं, सगळंच लागतं. आपल्याकडे जानेवारीत दुपारी बाराला पोवई नाक्यावर स्वेटर घालून उभा राहिलास तर लोक विचारतील, बरं नाही का?

आपला बंद हंगाम जूनमध्ये सुरू होतो. डिसेंबर ते फेब्रुवारी रस्ता कोरडा, इंजिन थंड, उजेड स्वच्छ. नवशिक्याला याहून चांगले महिने वर्षात नाहीत. तू आत्ता गाडी झाकलीस तर काय होईल बघ. होळीला बाहेर काढशील, दोन-अडीच महिने उन्हात तापशील आणि जेमतेम सवयीच्या जिवावर थेट पावसात शिरशील. यवतेश्वरचा घाट, पाऊस, वर शेवाळलेला डांबरी रस्ता, आणि तुझ्या हाताला अजून ब्रेक किती दाबायचा हेही कळलेलं नाही. मला त्याची जास्त भीती वाटते.

मग अडचण कशाची आहे? सकाळच्या सातची. डिसेंबरअखेर ते जानेवारीत आपल्याकडे सूर्यच सातनंतर उगवतो. माहुलीला कृष्णा आणि वेण्णा एकत्र येतात, जागा सखल, रात्रीची थंड हवा उतरून तिथंच साचते आणि पाण्याची वाफ तिच्यात अडकते. साताऱ्यात गच्चीवरून अजिंक्यतारा लख्ख दिसत असतो आणि स्टेशनच्या पुढं गेलं की दहा पावलांवरचं दिसत नाही, हे तूही पाहिलं असशील. ऊन पडलं की तास-दीड तासात ते विरतं. म्हणजे साडेआठनंतर तोच रस्ता निराळा असतो.

सकाळची वेळ तेवढी दीड तासानं पुढं ढकलता येते का, मालकाला विचारून बघ. नसेल जमत तर धुक्याचे दिवस एस.टी.नं जा. गाडी दारात असताना एस.टी.त बसायची लाज वाटते, मलाही वाटायची. पण धुकं रोज नसतं. उठल्यावर गच्चीत जाऊन माहुलीच्या बाजूला बघायचं, खाली कापूस पसरल्यासारखं दिसलं की गाडी घरी. एवढा साधा नियम ठेव. आणि कधी धुक्यात सापडलासच तर डिपरवर, म्हणजे दिव्याचा झोत खाली ठेवून चालव. अप्पर मारला की उजेड धुक्यावर आपटून तुझ्याच डोळ्यात येतो.

या रस्त्याची आणखी एक खोड कुणी सांगितली नसेल तर सांगतो. कोरेगाव साताऱ्याच्या पूर्वेला. सकाळी जाताना ऊन डोळ्यात, संध्याकाळी पाचला परत येतानाही ऊन डोळ्यातच. थंडीत सूर्य खालून चालतो, त्यामुळे त्रास जास्त. हेल्मेटच्या काचेवर, म्हणजे व्हायझरवर, चरे असतील तर समोर नुसता दुधी काच लावल्यासारखा प्रकार होतो. व्हायझर नवा टाक. चार्जरपेक्षा स्वस्त पडेल.

आता ट्रॉल्या. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझी उजवी हासळी त्यातच मोडली.

रहिमतपूरकडून येत होतो, संध्याकाळचे सात वाजले असतील, म्हणजे अंधार. वेग फार नव्हता, पन्नासच्या आसपास. पुढं एक डबल ट्रॉली दिसली, तिला ओलांडलं. लांबवर कुणी नव्हतं म्हणून निवांत झालो आणि पुढच्या वळणाला चाकाखाली दगड आला. रस्त्याचा नव्हे, टायरला लावलेला. दुपारी कुठली तरी ट्रॉली तिथं पंक्चर झाली असणार. मागं घरंगळू नये म्हणून चाकाला दोन धोंडे लावले, काम झाल्यावर ट्रॅक्टर निघून गेला आणि धोंडे तिथंच राहिले. पुढचं चाक त्यावर चढलं, रिम वाकली, मी शेतात आणि गाडी माझ्या मागोमाग. शेतात पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला होता म्हणून डोकं वाचलं, असं म्हणतो मी. खरं म्हणजे हेल्मेट होतं म्हणून वाचलं.

म्हणून चालती ट्रॉली मला फारशी खुपत नाही, ती निदान आवाज तरी करते. भीती उभ्या ट्रॉलीची, जिच्या मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, उसाची टोकं चार-चार फूट बाहेर आलेली. आणि ती निघून गेल्यावर मागं जे राहतं त्याची. दगड राहतात. उसाची कांडी पडतात, चाकाखाली चिरडून त्याचा चिकट लगदा होतो. वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा पेंडा सुटलेला असतो, दिसायला गवत, पण दवानं भिजलेला असला की त्यावरून ब्रेक लावलेलं चाक सरळ घसरतं. तुझं मागचं चाक सरकलं तिथं खाली काय होतं ते बघितलंस का? माझी पैज, वाढंच असणार.

चालत्या ट्रॉलीच्या मागं असशील तर अंतर सोडून राहा आणि थोडा उजवीकडे राहा, म्हणजे पुढचा रस्ता दिसेल आणि ट्रॅक्टरवाल्याच्या आरशात तूही येशील. त्याची गाणी चालू असतात, हॉर्न ऐकू येईल या भरवशावर राहू नकोस. ओलांडताना एक ट्रॉली संपली म्हणून आत शिरू नकोस, तिला दुसरी जोडलेली असते. कुठं पाचट पेटवलं असेल आणि धूर रस्त्यावर आला असेल तर धुरात घुसायचं नाही. बाजूला थांब, पाण्याचा घोट घे. वारा फिरला की रस्ता मोकळा होतो.

अंधार पडल्यावर मात्र आईचं ऐक. हंगाम चालू आहे तोवर सूर्य मावळल्यावर गावाबाहेर गाडी नको. सूर्य सहा-सव्वासहाच्या आसपास मावळतो, पाचला सुटलास तर आरामात घरी पोचशील. आईला हे असंच सांग, ‘अमुक वाजता निघणार, अमुक वाजता पोचणार, उजेडातच.’ गाडीच बंद करायचा तिचा हट्ट त्यानं बराच खाली येईल. पुसेगावच्या यात्रेचे दिवसही तेवढे टाळ. कोरेगावपासून पुढचा रस्ता त्या दिवसांत आपला राहात नाही.

तुझ्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा नाही. सव्वाशे सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, तुझी त्याआधीची. म्हणजे चाक लॉक होऊ द्यायचं की नाही हे काम तुझ्या पायाचं आणि बोटांचं. ते व्हिडिओ बघून येत नाही. गावाबाहेर प्लॉटिंग पडलेलं असतं ना, रस्ते केलेत, दिव्याचे खांब उभे केलेत, घर एकही नाही, अशी जागा शोध. रविवारी दहाला जा, सोबत एखादा मित्र ने. आधी रस्ता पायी चालून खडी, वाळू बघून घे. मग खडूनं एक रेघ मार. तीसच्या वेगानं ये, रेघेवर चाक आलं की दोन्ही ब्रेक लाव, थांबलास तिथं दुसरी रेघ. पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही, लिंबू पिळताना जसा जोर वाढवत नेतो तसा वाढवायचा. गाडीचं वजन पुढं आलं की मग पुढचं चाक ब्रेक घेतं. मागचं चाक हलकं झालेलं असतं, म्हणून तिथं पाय जड पडला की ते सरकतं. माहुलीला खाली वाढं असो-नसो, तुझं तेच झालं. वीस-पंचवीस वेळा कर. दोन रेघांमधलं अंतर कमी होताना स्वतःच्या डोळ्यानं दिसेल. जमलं की चाळीसवर जा. त्यानंतर अगदी हळू, क्लच अर्धा धरून, आठच्या आकड्यात गाडी फिरव. ही गाडी जड आहे. रस्त्यावर पडण्यापेक्षा जागेवर वळवताना पडणारे जास्त.

थंडीचं फार मनावर घेऊ नकोस. हवा १० अंश असेल आणि तू साठनं चालला असशील तर अंगाला ती साधारण ५ अंशांसारखी लागते. बाधते ती बोटांना, आणि गारठलेल्या बोटांना ब्रेक समजत नाही. त्यामुळे चांगले हातमोजे घे, बाकी घरात असेल ते चालेल. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवायची युक्ती जुनी आहे, पण आजही पटकन ऊब देते. मफलरची टोकं लोंबत ठेवू नकोस, चेन ओढून घेते. हेल्मेटखाली जाड कानटोपी घातली की हेल्मेट नीट बसत नाही, डोकं-मान झाकणारी पातळ कापडाची टोपी, बालाक्लाव्हा, घे.

गाडीचं म्हणशील तर कार्बोरेटरचं मॉडेल आहे, सकाळी चोक लागेल. इंजिन जरा सावरलं की चोक बंद कर, विसरून तसाच कोरेगावपर्यंत नेऊ नकोस. पहिली दोन-तीन किलोमीटर सावकाश, टायरही गार असतात. टायरची हवा महिन्यातून दोनदा गाडी गार असताना बघ. १० अंशांनी पारा उतरला की पौंड-दीड पौंड हवा आपोआप कमी होते, म्हणजे दसऱ्याला भरलेली आज कमीच असणार. सुट्टीच्या दिवशी दारात पाच मिनिटं चालू ठेवून बंद करायची सवय असेल तर सोड. त्यानं बॅटरी भरत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. त्यापेक्षा कण्हेर धरणापर्यंत जाऊन ये. कासला जायचं तर डिसेंबरात फुलं नसतात, म्हणून गर्दीही नसते. मला कास असाच आवडतो. पण दहाच्या पुढं निघ. महाबळेश्वरात वेण्णा तलावाजवळ दव गोठल्याचे फोटो येतील, ते बघून पहाटे चारला निघणारे तुझ्या वयाचेच असतात. त्यांच्यात यंदा जाऊ नकोस. नाताळच्या आठवड्यात तर घाटात गाड्यांची रांगच असते.

आता तुझी यादी. चार्जर नको, रोज चाळीस किलोमीटर चालणारी गाडी आहे. अगदी शंका असेल तर रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज मीटर लावून बघ, साडेबाराच्या वर असलं की झोप निवांत. पेट्रोलचं औषधही नको. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ते ओलावा धरतं, पण त्याचा त्रास गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर. (त्यातलं काही इथेनॉल उसाचंच. ज्या ट्रॉलीनं तुला घाबरवलं, तिच्यातला ऊस थोडा फिरून तुझ्याच टाकीत येणार आहे.) परीक्षा-बिरीक्षा असेल आणि खरंच दीड-दोन महिने गाडी हलणार नसेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी कर, बॅटरीची वायर काढ आणि एअर फिल्टरमध्ये उंदरानं घर केलंय का ते सुरू करण्याआधी बघ. माझ्या मेहुण्याच्या गाडीत चिंध्या आणि भुईमुगाच्या शेंगा निघाल्या होत्या.

कव्हर तेवढं राहू दे, जूनमध्ये लागेल. फक्त कापडी आहे का बघ. नुसतं प्लास्टिकचं असेल तर आत घाम धरतं, ते आत्ताच परत कर.