गणपतीत घरात काढलेले फोटो: काळे चेहरे, पांढरंफटक दार आणि मागचा पसारा

तुम्ही विचारलंय की गणपतीत देवगडच्या घरी काढलेल्या फोटोंत सगळ्यांचे चेहरे काळवंडलेत, मागचं पडवीचं दार पांढरंफटक आलंय, आणि दोरीवरचे कपडे, वायरी, खुर्च्या नको तितक्या डोळ्यांत भरतात. मोबाईलवर हे सुधारता येईल का?

बरंचसं येईल. मी कुडाळात लग्नामुंजींचे फोटो काढते, आणि चवथ झाली की ओळखीपाळखीतले लोक नेमके असेच फोटो घेऊन येतात. आपली जुनी घरंच तशी आहेत. छप्पर उतरतं, खिडक्या लहान, माजघर काळोखी, आणि उजेड येणार तो सगळा पुढच्या दारातून. कॅमेरा त्या दाराला सांभाळायला जातो आणि माणसं अंधारात राहतात.

आधी ज्या फोनवर फोटो काढला त्यातली मूळ फाईल मिळवा. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून आलेली प्रत नको. ती दाबून लहान केलेली असते, आणि सावलीतला जो बारकावा आपल्याला वर आणायचाय, तोच त्यात आधी जातो.

मग दार तपासा. फोटो सुधारायच्या ॲपमधलं 'हायलाइट्स', म्हणजे उजळ भागांचा उजेड, पूर्ण खाली ओढून बघा. खळं, तुळस, माडाची झापं दिसायला लागली तर तिथे अजून काही शिल्लक आहे. नुसतं पांढऱ्याचं राखाडी झालं तर तो भाग गेला. साध्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाला उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात. सगळ्यात वरच्या पायरीला जे टेकलं त्यातून परत काही निघत नाही. असं दार पांढरंच राहू द्या, नाहीतर कडेला असेल तर कापा. राखाडी दार पांढऱ्यापेक्षा वाईट दिसतं. काळोख्या भागाचं तसं नसतं. तिथून पुष्कळ वर काढता येतं, फक्त दाणे येतात, म्हणजे बारीक ठिपके दिसतात.

आता मुख्य गोष्ट. फोटो काळा आला की लोक अख्ख्या फोटोचा ब्राइटनेस वाढवतात. त्याने चेहरे उजळतात, पण ट्यूबलाइट, पांढरी खुर्ची, दोरीवरचा पंचा हेही तेवढेच उजळतात, आणि बघणाऱ्याची नजर उजळ जागेकडे आधी जाते. म्हणून मला वाटतं, तुमचे दोन प्रश्न एकच आहेत. पसारा खुपतो तो बहुतेक वेळा तो चेहऱ्यांपेक्षा उजळ आहे म्हणून. चेहरे वर आणा, पसारा खाली न्या. खोडायला फार थोडं उरेल.

स्नॅपसीड हे फोटो सुधारायचं ॲप फुकट आहे, त्यात 'सिलेक्टिव्ह' घ्या. समजा आजी मखराशेजारी दाराकडे पाठ करून बसली आहे. तिच्या गालावर बोट टेकवा, दोन बोटांनी वर्तुळ चेहऱ्याएवढं करा आणि बोट उजवीकडे सरकवत ब्राइटनेस वाढवा. बोटाखालच्या रंगाशी जुळणारा भागच प्रामुख्याने बदलतो, त्यामुळे मागची भिंत बरीचशी जिथल्या तिथे राहते. हे करताना नजर नथीवर ठेवा. मोती एकेक वेगळा दिसतोय तोवर ठीक. मोत्यांचा मिळून पांढरा ठिपका झाला की मागे या. तोपर्यंत कपाळही सपाट झालेलं असतं आणि केसांत लाल-हिरवे दाणे दिसू लागतात.

आणि कृपा करून उजळणं म्हणजे गोरं करणं समजू नका. दिवसा पडवीत बसल्यावर आजी जशी दिसते तशी फोटोत दिसली पाहिजे. ब्युटी फिल्टर तिच्या सुरकुत्या पुसतो, आणि मग ती आजी राहत नाही.

रंगाचं थोडक्यात सांगते. दारातला पावसाळी उजेड निळसर, ट्यूबचा पांढरा, समईचा पिवळा, आणि तिन्ही एकाच फोटोत. कुणाच्या तरी पांढऱ्या सदऱ्यावरून रंगाचा तोल (व्हाइट बॅलन्स) जमवा, पण समईजवळचा पिवळेपणा राहू द्या. तो खराच होता.

पसाऱ्यावर स्नॅपसीडच्याच ब्रशमधलं 'डॉज अँड बर्न' वापरा, त्याने बोट फिरवाल तेवढाच भाग उजळ किंवा काळोखी होतो. खुर्ची, स्विचबोर्ड, पंखा यांच्यावर हलक्या हाताने काळोख फिरवा. भाद्रपदात कपडे घरातच वाळत असतात. तो ओला पंचा दोन छटा खाली गेला की नजर तिकडे वळतही नाही. साध्या भिंतीवरची वायर 'हीलिंग'ने स्वच्छ जाते. २०२४ पासून गूगल फोटोजमधलं नको ती वस्तू खोडणारं मॅजिक इरेजरही गूगलच्या पिक्सेल फोनखेरीज इतर बऱ्याच फोनवर फुकट मिळतं. पण वर वासे आणि रिपा असतील, किंवा वस्तू केसांना, साडीच्या काठाला चिकटून असेल, तर खोडू नका. रिपेची सरळ रेघ मध्येच मोडते, जरीचा काठ फरफटतो, आणि डोळ्याला ते वायरीपेक्षा जास्त खुपतं. माटवीच्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीच्या, जवळ तर इरेजर नेऊच नका. कवंडळं, नारळ, तेरडा यांच्या गर्दीत तो काहीतरी भलतंच भरतो. घरातलं कॅलेंडर, घड्याळ, जुनी फडताळं मी कधीच खोडत नाही. घरचा फोटो आहे, घर त्यात दिसायला हवं.

पुढच्या वेळी हे सगळं टाळायचं तर दाराकडे पाठ तुमची असू द्या, माणसांची नको. तुम्ही दाराच्या बाजूला जरा सरकून उभे राहा म्हणजे उजेड अडणार नाही, आणि माणसांना दारापासून फार आत बसवू नका. दोन पावलं आत गेलं तरी उजेड झपाट्याने कमी होतो. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवा, मग गरजेप्रमाणे उजेड किंचित कमी करा. फ्लॅश नको. पुढच्या रांगेतली पोरं पांढरी होतात आणि मागचे काका काळेच राहतात. आरासीच्या एलईडी माळांमुळे फोटोत आडवे पट्टे येत असतील तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि या वेगाला ते लुकलुकणं फोटोत उतरत नाही. आरतीत टाळ्या वाजवणाऱ्या हातांसाठी मात्र हा वेग कमीच पडतो. तिथे आरती संपून सगळे प्रदक्षिणेला वळायच्या आत, क्षणभर थांबलेले असताना काढा.

सुधारलेले फोटो मुंबईकरांना पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. छापणार असाल तर आधी एकच प्रत काढून बघा. मोबाईलची स्क्रीन स्वतः उजळ असते, कागद नसतो, त्यामुळे छापील फोटो थोडा काळपट येतो. तसा आला तर छपाईसाठी वेगळी, किंचित उजळ प्रत करा आणि मगच बाकीचे छापायला द्या.