गल्लीची वही

प्रश्न : ताई, मी पंचवटीत राहते, घरीच शिवणकाम करते. वय ४६. पुराच्या वेळी आणि २०२७ च्या सिंहस्थात आजारी, जखमी माणसांच्या मदतीला जावं असं फार वाटतं. पण शिक्षण बारावी, दवाखान्यातला अनुभव काहीच नाही. मिस्टर म्हणतात, ‘तू तिथं जाऊन गर्दीच वाढवणार.’ माझा खरंच काही उपयोग होईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : होईल, ताई. मी ३१ वर्षं परिचारिका होते. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले, त्या दिवशी मी ड्यूटीवर होते. आणलेल्यांपैकी काहींच्या अंगावर साधं खरचटलेलंही नव्हतं. गर्दीच्या दाबानं छाती फुलायला जागाच उरत नाही, उभ्या उभ्या श्वास कोंडतो. अशा वेळी पहिली चार-पाच मिनिटं मोलाची. ती आम्हा दवाखान्यातल्यांच्या हाती कधीच लागत नाहीत, शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असतात.

म्हणून आधी सीपीआर शिका, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं. छातीच्या मधोमध, हाडावर तळहाताचा मनगटाकडचा भाग ठेवायचा, कोपरं ताठ, मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब ५ सेंटिमीटर तरी खोल, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. पायमशीन चालवणाऱ्या बाईला लय शिकवावी लागत नाही. पण ही खोली वाचून कळत नाही, पुतळ्यावर घाम निघेपर्यंत सराव करावाच लागतो. आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांच्या सरकारी ‘आपदा मित्र’ योजनेत वयाची अट साधारण १८ ते ४० असते, तिथं तुम्ही बसणार नाही. रेडक्रॉसच्या किंवा नागरी संरक्षण दलाच्या प्रथमोपचार वर्गाची चौकशी करा आणि नाव आत्ताच नोंदवा. ऐनवेळी आपणहून धावत आलेल्यांना काम नेमून द्यायला आमचंच एक माणूस अडकून पडायचं. मिस्टरांच्या बोलण्यात तेवढं तथ्य आहे.

पण तुमच्याजवळ आहे ते कुठल्याच वर्गात मिळत नाही. तुम्हाला तुमची गल्ली ठाऊक आहे. एक दोनशे पानी वही घ्या. अंथरुणाला खिळलेलं कोण, डायलिसिस कुणाचं आणि कोणत्या वारी, आठवा-नववा महिना कुणाला, इन्सुलिन कोण घेतं, प्रत्येकाचा एक नातेवाईक आणि त्याचा फोन. शिवायला आलेल्या बायका हे सगळं तुम्हाला सांगतातच, फक्त लिहू का असं त्यांना विचारा आणि वही दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून आपण पूर मोजतो; तिच्या कमरेला पाणी लागलं की सगळे गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, बघायला धावतात. तुम्ही तेव्हा वही उघडा आणि खिळलेल्या माणसांना आधी हलवा. मागे एका पुरात आमच्याकडे वीज गेली, तेव्हा शेजारच्या आजींच्या इन्सुलिनची कुपी पिशवीत घट्ट बांधून माठातल्या गार पाण्यात ठेवली होती. आजी दर तासाला झाकण उघडून बघायच्या.

पूर ओसरल्यावर मात्र कुणालाही आपल्या मनानं गोळ्या देऊ नका, पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टो तापाच्या सुद्धा नाहीत. ते डॉक्टर ठरवतील. जुलाब लागलेल्याला एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा छोटा, एवढं तुम्ही नक्की करू शकता.

एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आमच्याच वाड्यात एका काकांच्या छातीत कळ आली. १०८ ला फोन केला, गाडी निघाली, आणि आम्ही सगळे काकांभोवती जमून राहिलो. गाडी बाहेर मोठ्या रस्त्यावर येऊन आमचा बोळ शोधत फिरत होती. वाडा भरून माणसं, पण रस्त्यावर जायचं एकालाही सुचलं नाही. मी नर्स असून मलाही नाही. काका वाचले नाहीत.

म्हणून मिस्टरांनाही काम द्या. गल्लीत कुणासाठीही १०८ ला फोन गेला, की त्यांनी टॉर्च घेऊन मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी उभं राहायचं आणि बोळातल्या दुचाकी बाजूला काढून घ्यायच्या. वहीच्या पहिल्या पानावर तुमच्या नावाखाली त्यांचं नाव लिहा.