वडिलांना काचबिंदू निघाला. मी ४२ वर्षांचा, लातूरला असतो, काहीच त्रास नाही. तरी तपासणी करावी का?

करा. भावा-बहिणींनाही न्या, कारण सख्ख्या नात्यात धोका जास्त असतो. बहुतेकदा काचबिंदू दुखत नाही. आधी कडेची नजर जाते, समोरचं बराच काळ नीट दिसतं. गेलेली नजर परत येत नाही, उपचारानं फक्त उरलेली टिकते. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे झालं, असं समजू नका (आपल्याकडं बहुतेकांचं तिथंच थांबतं). तुमच्या लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात नेत्र विभाग आहे. डोळ्याचा दाब आणि मागची नस, दोन्ही बघायला सांगा. दाब २१ च्या आत, म्हणजे नेहमीच्या मर्यादेत, असूनही काहींची नस काचबिंदूनं खराब होते. मेडिकलमधून आणलेले स्टिरॉइडचे ड्रॉप बरेच दिवस टाकत असाल, तर तेही सांगा. त्यानं दाब वाढू शकतो.