आपले प्रश्न, आमची उत्तरे : कॉन्टेसाचे इंजिन आणि हातातले ऐंशी हजार

प्रश्न : माझ्या वडिलांनी 1986 साली घेतलेली कॉन्टेसा गाडी गेली अकरा वर्षे आमच्या विजापूर रस्त्यावरील घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. इंजिन मूळचेच, 1489 सीसीचे आहे. दिवाळीत नवी बॅटरी आणि ताजे पेट्रोल घालून ते सुरू केले, तेव्हा निळा धूर येऊ लागला, गरम झाल्यावर ऑईलच्या दाबाचा काटा जवळजवळ शून्यावर आला आणि 2 नंबरचे सिलिंडर मिस होऊ लागले. एक मिस्त्री ‘फुल इंजिन काम’ सांगतात, तर दुसरे म्हणतात की दुसरे इंजिन आणून बसवा. माझ्याजवळ सगळे मिळून 80 हजार रुपये आहेत. ही भारताची ‘मसल कार’ असल्याने काम काढलेच आहे, तर ताकदही वाढवून घ्यावी, असा मित्रांचा आग्रह आहे. मी काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : मित्रांच्या आग्रहाचा निकाल आधी लावू. मसल कार हा शब्द अमेरिकेत रूढ झाला तो मध्यम आकाराच्या बॉडीत मोठे व्ही-8 इंजिन बसवलेल्या गाड्यांसाठी. 1964 च्या पॉन्टिअॅक जीटीओचे इंजिन 389 घन इंचांचे, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचे होते. आपल्या कॉन्टेसाची बॉडी इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरवरून घेतलेली असून 1984 मध्ये ती बाजारात आली, तेव्हा तिच्या लांबलचक बॉनेटखाली जेमतेम पन्नास अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन होते. अंगकाठी पैलवानाची आणि खुराक मात्र कारकुनाचा, असा तो प्रकार होता. पण आपल्या खिशाच्या दृष्टीने हाच मोठा दिलासा आहे, कारण हे इंजिन अँबॅसडरचेच आहे. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट हा आतला सगळा माल अँबॅसडरचा चालतो आणि तो अजून मिळतो; येथे नाहीच मिळाला, तर कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून मागवता येतो. नंतरच्या 1.8 लिटर इसुझू इंजिनाची कॉन्टेसा आपल्याकडे असती, तर सुट्या भागांसाठी पुष्कळ जास्त वणवण करावी लागली असती.

दोन्ही मिस्त्रींनी आपला सल्ला इंजिन न मोजता दिलेला दिसतो, म्हणून सध्या तो बाजूला ठेवावा. अकरा वर्षे उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनभोवतीच्या रिंगा खाचेत चिकटून बसतात, एखाद्या व्हॉल्व्हच्या दांडीवर गंज धरून तो पूर्ण मिटत नाही, आणि ही दोन्ही दुखणी झिजेसारखीच लक्षणे दाखवतात. इंजिन कोमट असताना चारही प्लग काढावेत, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत होणारा दाब, मोजावे आणि चारही आकडे कागदावर लिहावेत. आकडे एकमेकांपासून दहा टक्क्यांच्या आत असले, तर काळजीचे कारण थोडे. जे सिलिंडर पडलेले दिसेल, त्यात चमचाभर इंजिन ऑईल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वर आला तर दोष रिंगांत किंवा बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या भोकात) आहे. तिथेच राहिला तर व्हॉल्व्हमध्ये. आणि शेजारची दोन सिलिंडरे एकदमच खाली असतील, तर त्यांच्यामधले गॅस्केट गेले आहे. धूरही पाहून ठेवावा. उतारावर पाय काढून पुन्हा अॅक्सिलरेटर दाबताच निळा भपकारा आला, तर व्हॉल्व्ह गाईड (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते ती नळी) संशयित, आणि चढावर जोर लावताना सतत येत राहिला, तर रिंगा.

ऑईलच्या दाबाबाबतही घाई नको. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विश्वास न ठेवता मिस्त्रीकडचा थेट नळीचा गेज लावून मोजावे. गरम इंजिनात मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे चौरस इंचाला सुमारे दहा पौंड दाब असावा, असा जुना आडाखा आहे. ब्लॉकच्या मागील बाजूस घुमटाकार नटाखाली दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह असतो, त्यात कचरा अडकला किंवा स्प्रिंग थकली तरी दाब पडतो. तो काढून साफ करण्यास एक पान्याखेरीज काही लागत नाही. एवढे करूनही दाब आला नाही, तर मात्र बेअरिंग झिजली आहेत असे समजून इंजिन खाली उतरवावे.

उतरवणे आणि सुटे करणे हे काम आपण स्वतः करावे, कारण मजुरी वाचण्याची खरी जागा तीच आहे. अंड्यांचा एक रिकामा ट्रे आणून त्याच्या खळग्यांना 1 ते 8 आकडे द्यावेत आणि टॅपेट (कॅमच्या जोरावर व्हॉल्व्ह उचलणारे दट्टे) ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने त्यात ठेवावेत. पुशरॉड पुठ्ठ्याला भोके पाडून तशाच खोचाव्यात. प्रत्येक टॅपेट आपापल्या कॅमशी घासून जुळलेला असतो आणि अदलाबदल झाली, तर दोन्ही थोड्याच दिवसांत खाऊन जातात. मेन बेअरिंगच्या टोप्यांवर आणि कनेक्टिंग रॉडवर आकडे आहेत का ते पाहावे, नसतील तर पंच मारून घ्यावेत.

यानंतर येते मोजमाप, आणि 80 हजारांचे काय होणार हे येथेच ठरते. या इंजिनाचा मूळ बोअर सुमारे 73 मिलिमीटर आहे. सिलिंडर सर्वांत जास्त झिजते ते वरच्या रिंगेच्या फिरण्याच्या टोकाशी. तेथे बोटाचे नख खालून वर फिरवले, तर कड अडकते. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागी, क्रँकच्या (पिस्टनांनी फिरणाऱ्या दांड्याच्या) दिशेने आणि तिला आडवे, अशी सहा मापे डायल गेजने घ्यावीत. झीज चार-पाच थाऊंच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत असेल, तर कड काढून, होनिंग करून (आतली भिंत घासून) नव्या रिंगा घालण्यावर भागते. दहा थाऊंच्या पुढे गेली असेल, तर बोअरिंगला (सिलिंडर कापून मोठे करण्याला) पर्याय नाही. मधल्या मापांत निर्णय पैशांचा असतो; वर्षाला हजारभर किलोमीटर फिरणाऱ्या गाडीसाठी मी रिंगांच्या बाजूने कौल देईन.

बोअरिंग करायचेच ठरले, तर पिस्टन आधी विकत घ्यावेत आणि ते ब्लॉकबरोबर मशीन शॉपमध्ये द्यावेत. ही गोष्ट मी पैसे मोजून शिकलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या अँबॅसडरचा ब्लॉक मी एका वर्कशॉपमध्ये ‘20 साइझ’ (मूळ मापापेक्षा 20 थाऊ मोठे) सांगून टाकला आणि पिस्टन नंतर शोधायला निघालो. बाजारात त्या वेळी 20 चा संच नव्हता, 30 चा जो मिळाला त्यातले एक पिस्टन बाकीच्यांपेक्षा लहान निघाले, आणि शेवटी ब्लॉक 40 पर्यंत न्यावा लागला. 40 नंतर या ब्लॉकला लायनर (आतून बसवायची नवी नळी) टाकण्यावाचून मार्ग उरत नाही. वीस थाऊंच्या कामात मी त्या इंजिनाचे सगळे भावी आयुष्य खर्चून बसलो. मशीन शॉपवाल्याने प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून, त्याच्या बोअरला नंबर टाकून, ठरलेली मोकळीक ठेवून बोअर करावा, एवढे लेखी घ्यावे. ट्रॅक्टर आणि ट्रकची इंजिने रोज बांधणारी अशी दुकाने सोलापुरात आहेत. किंबहुना ज्या गावात जगभरच्या मोटारींचे कॅमशाफ्ट ओतले जातात, त्या गावात लोखंड समजणारा माणूस सापडत नाही, ही तक्रार मी ऐकून घेणार नाही.

क्रँकला या इंजिनात तीनच मेन बेअरिंग आहेत, त्यामुळे तिच्या वाकण्याकडे आणि जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) गोलाईकडे नीट लक्ष द्यावे. ग्राइंडिंग 10, 20, 30 थाऊ अशा पायऱ्यांनी होते आणि येथेही बेअरिंग हाती आल्यावरच माप सांगावे. ग्राइंडिंगनंतर ऑईलच्या छिद्रांत धातूचा बारीक भुसा बसलेला असतो. बारीक ब्रश, रॉकेल आणि कॉम्प्रेसरची हवा यांनी तो काढला नाही, तर नवी बेअरिंग पहिल्या दिवशीच ओरखडतील. ब्लॉकच्या पाण्याच्या वाटाही अशाच उघडून पाहाव्यात. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नसल्याने रेडिएटरमध्ये सर्रास बोअरवेलचे जड पाणी पडते. त्याचा पांढरा थर 4 नंबरच्या सिलिंडरभोवती सर्वांत जाड जमतो. पत्र्याची कोअर बुचे काढून तो खरवडावा, रेडिएटर साफ करून घ्यावा आणि यापुढे डिस्टिल्ड पाणी व कूलंट यांशिवाय काही घालू नये. ‘सोलापूरचा उन्हाळा आहे’ म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे, ती मला मान्य नाही. त्याने कोंदलेला रेडिएटर मोकळा होत नाही, फक्त हिवाळ्यात इंजिन थंड राहून लवकर झिजते.

हेडमध्ये व्हॉल्व्ह गाईड बदलावेत, सीट (व्हॉल्व्ह टेकण्याची बैठक) कटिंग करून व्हॉल्व्ह घासून बसवावेत, हेडचा तळ सपाट आहे की नाही ते सरळ पट्टी आणि फिलर गेजने पाहावे, आणि वाकडा असेल तरच फेसिंग करावे. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. या जुन्या हेडमध्ये व्हॉल्व्हची सीट थेट ओतीव लोखंडात कापलेली असते आणि शिशाचा आधार गेल्यामुळे एक्झॉस्टच्या सीट हळूहळू खचतात. कडक धातूच्या सीट बसवून घेता येतात; पण गाडी सावकाश आणि थोडी चालणार असेल, तर हा खर्च पुढे ढकलावा आणि टॅपेटची मोकळीक मात्र वारंवार तपासावी. ती कमी होत चालली, तर सीट खचत आहे असे समजावे.

ताकदीबद्दल एवढेच सांगतो की, बोअर 40 पर्यंत वाढवला तरी इंजिन 1489 चे सुमारे 1530 सीसी होते, म्हणजे चाळीसएक सीसी हाती लागतात. तेवढ्यासाठी ब्लॉकचे आयुष्य देऊ नये. दुसरे इंजिन बसवण्याचा सल्लाही मला पटत नाही. त्याला आरटीओची परवानगी आणि नोंदणी पुस्तकात नव्या इंजिन क्रमांकाची नोंद लागते. त्याहून आधी, पंधरा वर्षांनंतरचे नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे की नाही ते कृपया तपासावे. ते नसेल तर त्याचे शुल्क आणि पर्यावरण कर याच 80 हजारांतून जाणार आहेत. बाकीच्या रकमेतील निम्म्याहून अधिक मशीन शॉप, पिस्टन आणि बेअरिंग यांसाठी ठेवावी, गॅस्केट संच, ऑईल पंप आणि टायमिंग चेन नवीच घ्यावी, आणि निदान पाचवा हिस्सा हाताशी राखावा, कारण इंजिन उघडल्यावर काहीतरी निघतेच. रंग, क्रोम आणि रेक्झिन यांना यंदा हात लावू नये.

बांधताना नवी रिंग एकटीच बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांतली फट मोजावी. इंचामागे तीन ते चार थाऊ धरले, तर येथे नऊ ते बारा थाऊ येतात. हेडचे नट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळावेत. पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी प्लग काढून, गेजवर दाब दिसेपर्यंत स्टार्टर थांबत थांबत मारावा. कॅम आणि टॅपेट नवे असतील, तर सुरू होताच वीसेक मिनिटे सुमारे 2000 फेऱ्यांवर ठेवावे, तासन्‌तास आयडलवर सोडू नये. पाचशे किलोमीटरनंतर ऑईल बदलावे आणि टॅपेट पुन्हा पंधरा थाऊंवर लावावेत.

प्रश्न : माझ्या जुन्या अँबॅसडरचे इंजिन नुकतेच बांधले. आता पंपावर मिळणाऱ्या ई-20 (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने ते खराब होईल का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : इंजिनाच्या लोखंडाला सहसा काही होत नाही, त्रास होतो तो रबराला. पेट्रोलच्या जुन्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची वॉशर इथेनॉलने फुगतात किंवा तडकतात, म्हणून हे सर्व इथेनॉल सोसणारे घ्यावे. मिश्रणही थोडे पातळ होते; प्लगची टोके पांढरट दिसू लागली, तर मेन जेट एक पायरी मोठा लावावा. इथेनॉल हवेतील ओल शोषते, त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा. जिल्ह्यातील उसाचे इथेनॉल आपल्याच टाकीत येते, याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही, पण नळ्या बदलून झाल्यावर.

प्रश्न : 1489 सीसीच्या इंजिनाचे पूर्ण काम करूनही क्लच हाऊसिंगखालून ऑईल ठिबकते. मिस्त्री म्हणतात, ‘हे असेच असते.’ ते फसवत आहेत का?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : बहुधा नाही. या इंजिनाच्या क्रँकच्या मागील टोकाला ओठाचे रबरी सील नसून क्रँकवर कोरलेली मळसूत्री खाच ऑईल परत आत फेकते, आणि इंजिन बंद झाले की ती निरुपयोगी असते. रात्रभरात जमिनीवर चार-दोन थेंब दिसणे या रचनेचा स्वभाव आहे. मात्र चालत्या इंजिनात धार लागत असेल, तर प्रथम क्रँककेसच्या श्वासनळीची जाळी तुंबली आहे का ते पाहावे. आतला दाब बाहेर पडू शकला नाही, की तो ऑईलला मागून ढकलतो. जाळी रॉकेलमध्ये धुऊन, रात्री गाडीखाली पुठ्ठा अंतरून सकाळी डाग मोजावेत आणि आठवड्यानंतर पुन्हा मोजावेत.