बाँ जेझूवरचं ऊन

प्रिय,

जुन्या गोव्यातल्या बाँ जेझू चर्चचं तुझं चित्र मिळालं. रेखाटन नेटकं आहे. खाली तीन दारं, वर तीन खिडक्या, त्यावर तीन गोल झरोके, सगळं जागच्या जागी. पण ऊन दिसत नाही. आकाशापासून पायरीपर्यंत सगळं केशरी झालंय.

मुळात बाँ जेझूचा दगडच लाल. १५९४ साली बांधायला घेतलेल्या या चर्चचा बाहेरचा गिलावा गेल्या शतकात काढून टाकला आणि जांभा उघडा पडला. लालावर आणखी लाल चढवून ऊन होत नाही. ते सावलीतून येतं. सावली थंड ठेव, म्हणजे बाजूचा साधा यलो ऑकर, तो मातकट पिवळासुद्धा, तापलेला वाटेल. अल्ट्रामरीन निळ्यामध्ये थोडा तांबूस तपकिरी बर्न्ट सायना, पाणी भरपूर, एकाच हातात. दुसऱ्यांदा ब्रश फिरवलास की सावली मळकट झालीच. कोरीव काम काळ्या दगडाचं आहे, तिथे ट्यूबमधला काळा वापरू नकोस. उन्हात तो दगड तपकिरी दिसतो.

दर्शनी भाग पश्चिमेला आहे. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येकडे मावळतो, म्हणजे समोर उभं राहिलं की ऊन उजवीकडून येतं आणि खांबांच्या सावल्या डावीकडे पडतात. डाव्या, उत्तरेच्या भिंतीला टेकू दिलेत ना, तो सगळा भाग तेव्हा सावलीत असतो. तुला हवा तो थंड रंग आयता तिथेच आहे, आणि तू नेमका तोच कागदाबाहेर ठेवलास! मे महिन्यात हेच उलटं होतं, ऊन डावीकडून.

सावल्यांच्या कडा बसल्या बसल्या पेन्सिलीने आखून घे आणि मग सूर्य कितीही सरको, त्या हलवायच्या नाहीत. उजेड बदलला की फ्रेंच चित्रकार मोने फ्रान्समधल्या रूआँच्या कॅथेड्रलसमोर सरळ दुसरा कॅनव्हास घ्यायचा. तूही दुसरा कागद घे. कागद महाग आहे हे कबूल, पण पाठकोरा चालेल.

रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल पूर्वाभिमुख आहे. त्याचा पांढरा दर्शनी भाग संध्याकाळी सावलीत जातो. पांढऱ्याची सावली कशी असते ते एकदा तिथे बसून रंगव, पांढरा रंग न वापरता.

३ डिसेंबरला बाँ जेझूत सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे उत्सव असतो, त्या आठवड्यात जाऊ नकोस. बसायला जागा मिळणार नाही. जानेवारीत जा आणि चारच्या आत पोच.

तुझा,
सर